उशीखालचा थर्मामीटर

मुलुंड, रविवार, ३ फेब्रुवारी १९५७

ती. सौ. मृणालिनीवहिनींस उत्तराचा नमस्कार. बाळाचे वजन साडेसात पौंड भरले, हे तुमच्या आईंच्या कार्डावरून कळले. तुमची कंबर आता कशी आहे? इकडचे क्रमाने लिहिते.

१. गुरुवारी सकाळी दादाला माझ्या उशीखाली थर्मामीटर सापडला.
२. त्याखाली पाच महिन्यांचा आलेख सापडला.
३. दादाच्या मते मला क्षय झाला आहे.
४. मला क्षय झालेला नाही.

आता खुलासा. आमच्या रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, मी एकटीच बाई. बायकांचा संडास फाटकापाशी, म्हणजे सात मिनिटांवर (घड्याळ लावून पाहिले आहे). माझी पाळी कधी सव्विसाव्या दिवशी येते, कधी चौतिसाव्या, त्यामुळे अंदाजावर भागत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करावी, तर ते दादा रोज वाचतो. म्हणून एका वैद्यकीय पुस्तकात वाचून मी रोज उठण्यापूर्वी थर्मामीटर लावते आणि कागदावर ठिपका देते. महिन्याच्या मध्यावर पारा अर्धा अंश चढतो. तिथून चौदा दिवस मोजायचे आणि तेराव्या दिवशी पिशवीत कापडाच्या घड्या टाकायच्या. एवढेच. (गुप्तता राहावी म्हणून आलेखाला शीर्षक दिले नव्हते. ही माझी चूक.)

दादाने आलेखावरून बोट फिरवले. “अगं, असाच हळूहळू चढतो तो! पंधरा-पंधरा दिवस ताप, आणि तू बोलली नाहीस?” मी म्हटले, हा ताप नव्हे. “मग काय आहे?” उत्तर माझ्याकडे होते, पण आठ वर्षांनी मोठ्या भावाला देण्यासारखे नव्हते. मी चहा टाकायला उठले, आणि त्याची खात्रीच पटली.

तो कागद घेऊन मार्तंड डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी तो पाहिला, मग ते खाकरले आणि म्हणाले, “मुलगी ठणठणीत आहे. घरातल्या बायकांना विचारा.” घरातल्या बायका म्हणजे सध्या मीच. दादाने निष्कर्ष काढला की रोग फार पुढे गेला आहे आणि डॉक्टर सांगायला कचरत आहेत.

तेव्हापासून माझे ताट, वाटी, पेला वेगळे. सकाळ-संध्याकाळ शेळीचे दूध. तुम्ही या घरात आल्यावर बाजूला बसणे बंद केलेत. दादाने ते पुन्हा सुरू केले आहे आणि चार दिवसांची मर्यादा काढून टाकली आहे. (बाळ घरी यायचे म्हणून तो घाबरला आहे. ते कळते, म्हणून रागावताही येत नाही.)

सोमवारी, ११ तारखेला, तो आमच्या साहेबांना भेटून माझ्यासाठी तीन महिन्यांची रजा मागणार आहे आणि मला हवापालटासाठी दापोलीला आत्याकडे धाडणार आहे. २८ तारखेला मी नोकरीत कायम व्हायची आहे. क्षयाचा संशय असलेल्या मुलीला कोणी कायम करत नाही.

तुमच्या आईंना नमस्कार, बाळाला पापा.

उत्तरा

ता. क. दादाने कालपासून स्वतःचाही ताप लिहायला घेतला आहे. ९८.८ भरला. आता शेळीचे दूध आम्ही दोघे पितो.

आणखी एक. पत्र खुशालीसाठी लिहिले नाही, हे तुम्ही ओळखलेच असेल. हे मी स्वतः सांगायला तीनदा गेले आणि तीनदा पाणी पिऊन परत आले. तुम्ही त्याला लिहा. “बायकांचे आहे” इतके पुरे. पुढे तो विचारणार नाही. तुमचे पत्र शनिवार, ९ तारखेपर्यंत त्याच्या हातात पडावे.