उजवीकडचा शेवटचा रकाना

प्रिय ताई,

तुझ्या चिठ्ठ्यांचं पुढे काय झालं, असं तू भाऊजींकरवी विचारलंस. फोनवर मी काहीतरी गुळमुळीत बोलले. आता नीट लिहिते.

आमच्याकडे अ‍ॅप बनवण्याआधी ते वापरणाऱ्याची गोष्ट भिंतीवर मांडतात. वर डावीकडून उजवीकडे तिचे टप्पे, प्रत्येकाखाली तिथे लागणाऱ्या सोयींच्या चिठ्ठ्या. मग एक आडवी पट्टी. पट्टीच्या वरचं आधी बनवायचं, खालचं नंतर, म्हणजे बहुधा कधीच नाही. या वेळी तुझ्या फोनवरचं कॅन्सरच्या रुग्णांचं अ‍ॅप नव्याने बनवायचं होतं, आणि गोष्ट तुझी होती: गाठ हाताला लागणं, तपासण्या, उपचार, बरं होणं. तू पलंगावर बसून सांगत गेलीस, मी लिहीत गेले. भिंत पाहून सगळे खूश होते.

मग डॉक्टरांनी तुझे उपचार थांबवले. तू म्हणालीस, उजवीकडे एक रकाना वाढव, माझी गोष्ट तिकडे वळलीय. त्यात दोनच चिठ्ठ्या: अ‍ॅपवरून येणारे 'लढत राहा' असले निरोप बंद व्हावेत, आणि दुखणं वाढलं तर घरी येणारी नर्स मिळावी. वर हसलीस, मरणाऱ्या बाईला एवढी तरी सूट द्या म्हणालीस.

मी रकाना लावला. आमचे साहेब, ज्यांना आम्ही पाठीमागे कात्री म्हणतो, बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, गलबलले. मग म्हणाले, "ही बाई अ‍ॅप किती दिवस वापरणार?" कोणीतरी हसलं. ती माझी बहीण आहे, असं मी सांगितलं. "म्हणूनच तुम्हाला विचारतोय," ते म्हणाले. "तुम्हाला अंदाज असेल."

पट्टीखालीही जागा मिळाली नाही, अख्खा रकानाच निघाला. गोष्ट पुन्हा बरं होण्यापाशी संपते. निरोप तुला येतच राहतील. साहेबांचा राग यावा एवढी मी साधी असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी विचारलं तेव्हा उत्तर माझ्या मनात तयार होतं, हे मला अजून पचत नाही.

एवढं फोनवरही सांगता आलं असतं. लिहायचं कारण वेगळंच आहे. 'बरं होणं' या टप्प्याच्या जाहिरातीसाठी कात्रींना खरा चेहरा हवाय, आणि त्यांना तुझाच आवडलाय, केस परत आले होते तेव्हाचा. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, चेहरा तुमचा नाही, त्यांना विचारा. यात चूक काढता येईना, म्हणून विचारते. देशील? काय ते शुक्रवारच्या आत कळव. उशीर नको, असं त्यांनी बजावलंय. का, ते मी विचारलं नाही.

तुझीच,
धाकटी