भोंग्याची चकाकी

१२ तारीख, मंगळवार

प्रिय ठकूस,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे, म्हणजे कंबर सोडून. दुकानात सध्या शाळांच्या बँडचे ट्रम्पेट येताहेत, चेपलेले, एकात तर च्युइंगम. दिवसभर पोचे काढायचे आणि संध्याकाळी हात उचलवत नाही. तुझी वहिनी म्हणते, "लोकांची वाद्यं सरळ करता करता तुम्हीच वाकलात." खोटं नाही ते.

बाबांचा ट्रॉम्बोन आजच पाठवतोय. शनिवारच्या आत पोचेल. चार महिने मी तुला "सुटा भाग मिळत नाहीये" असं कळवत राहिलो. कुठलाही भाग यायचा नव्हता. सरकती नळी अडकत होती, ती आठ दिवसांत मोकळी झाली. आता बोटाने ढकलली तरी जाते.

तुला तोच का हवा, हे मला ठाऊक आहे. न्यूमोनियानंतर हल्लीचे रुंद नळीचे ट्रॉम्बोन तुझ्या दमाला झेपत नाहीत. याची नळी अरुंद, थोड्या फुंकेतही बोलतो, आणि जॅझच्या गलक्यात स्वच्छ वेगळा ऐकू येतो. शनिवारच्या निवडीत त्या जॅझ बँडमधली जागा तुला मिळते की नाही, हे त्याच्यावरच आहे.

म्हणून आता सांगतो. नळी झाल्यावर वाटलं, पुढचा पसरट भोंगाही चकचकीत करून द्यावा. इतकी वर्षं मी सगळ्यांना बजावत आलो, जुन्या भोंग्याला पॉलिशचं मशीन लावायचं नाही, कापडाने पुसायचा, पत्रा आधीच पातळ असतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! मी मशीन लावलं. काळपटपणा गेला, त्याच्याबरोबर पत्राही झिजला. आता वरच्या सुरांना आवाज फाटतो. चार महिने नाना उपाय करून पाहिले, पण गेलेला पत्रा परत येत नाही.

इथपर्यंत चूक म्हणता येईल. पण ठकू, काठाशी पत्रा तापायला लागला तेव्हाच तो झिजतोय हे हाताला कळलं होतं. पाय पेडलवर होता. उचलला असता तर मशीन थांबलं असतं. नेमके तेव्हा बाबा आठवले. "वाद्य ठकूला. तुझे हात दुरुस्तीचे." मीही वाजवायचो, हे तुला आठवतही नसेल. मी पाय उचलला नाही. दोन मिनिटं असतील, फार तर तीन.

तुझा यात काही दोष नव्हता. मला लाज वाटते, आणि लाज वाटून वाटूनही थकायला होतं.

मधले सूर अजून गोड आहेत, मी वाजवून पाहिले. शनिवारी जमलं तर त्यांच्यातच राहा. आणि कुणी विचारलं, आवाजाला काय झालं, तर जुनं वाद्य आहे म्हणून मला पाठीशी घालू नकोस. माझ्या भावाने केलं, असं सांग.

ज्याने केलं तो,
तुझा दादा