तिसरं बटण

डोंबिवली, १६ डिसेंबर, मंगळवार

आज फार थकले. आठवीला बायकांनी मताचा हक्क कसा मिळवला ते शिकवलं. मोर्चे, तुरुंग, उपोषणं, सगळं. तर सानिका उठून म्हणाली, "मिस, माझी आई पप्पा सांगतात तेच बटण दाबते. मग हक्क मिळून काय झालं?"

मी ऐटीत म्हटलं, "आईला सांग, तुझं तू ठरव." वर्गाने टाळ्या वाजवल्या.

ठाण्याहून घरी येईपर्यंत त्या टाळ्या छळत होत्या. कारण गेल्या निवडणुकीत "तिसरं बटण दाब" असं आईला मीच सांगितलं होतं. घरातली पहिली पदवीधर ना मी. तिला काय कळतंय, असं वाटलं होतं का मला? वाटलंच असणार.

माझं का ऐकलंस विचारलं, तर आई भाकरी थापत म्हणाली, "आधी ह्यांचं ऐकायचे. तू शिकलीस, मग तुझं ऐकलं."

तिसरं बटण. बाबांचं पहिलं असायचं, एवढाच फरक.

"आणि तुला कोणाला द्यायचं होतं गं?"

"आता ते तुला कशाला सांगू?"

बरोबर आहे तिचं. उद्या सानिकाला आधी हे सांगायचं. धडा मग.