नऊ ते सहा

५ जून

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

चाळिशीला टेकलास तरी मी तुला ठोंब्याच म्हणणार. तुझी पत्रं आधी वाचणारे तिथले साहेब हसले तर हसू देत.

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत या महिन्यात माझ्या वाट्याला ‘कोंडून ठेवण्याच्या जागा’ हा गट आलाय. संपादकांना तुझं ठाऊक आहे, म्हणून कार्डांचा खोका पुढे सरकवताना ते उगाच चष्मा पुसत राहिले. मी म्हटलं, द्या हो, घरचाच विषय आहे. तुरुंग, बंदिशाळा, कैदखाना, अंधारकोठडी, नजरकैद, कोंडवाडा. कार्डावर वर शब्द, त्याखाली अर्थ आणि शेवटी कुणीतरी खरोखर बोललेलं किंवा लिहिलेलं वाक्य. मनाने रचलेलं चालत नाही. पुस्तकांतून ढीगभर वाक्यं मिळाली, पण ती सगळी बाहेर उभं राहून लिहिल्यासारखी वाटतात. तुम्ही आत काय म्हणता ते कळव.

आई बरी आहे. तू कुठे आहेस, हे रोज विचारते. खरं सांगितलं की रोज नव्याने रडते, म्हणून हल्ली तू बाहेरगावी कामाला गेलायस असं सांगते. मी नऊला निघते, सहाला येते, तोवर ती मागच्या खोलीत सुरक्षित असते. काळजी करू नकोस. चार वर्षं गेली, तीन राहिली. तू येशील तेव्हा ती तुला ओळखेल, असं मी धरून चालले आहे.

तुझी,
ताई

२० जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

एकच कागद मिळतो, म्हणून मुंग्यांसारखं अक्षर काढतोय. चष्मा लाव.

इथे तुरुंग कुणीच म्हणत नाही. ‘आत’ म्हणतात. तुझं वाक्य घे: आत येऊन किती झाली? झोपतो ती बराक. भांडण केलं की एकट्याला ठेवतात त्या कोठडीला आमच्यात ‘विहीर’ म्हणतात, कारण मान वर केली की तेवढंच आभाळ दिसतं. मी तिथे अकरा दिवस काढले, तुला कळवलं नव्हतं. माझ्या शेजारचा म्हातारा वीस वर्षांचा जुना. तो संध्याकाळी आवारातून उठताना म्हणतो, चला, घरी जाऊ. हे मात्र कोशात घालू नका.

आता माझं एक विचारणं. आईजवळ बसायच्या त्या शेजारच्या मावशी लेकाकडे कायमच्या गेल्या, असं तूच मार्चमध्ये लिहिलं होतंस. मग नऊ ते सहा आईजवळ कोण असतं? कुलूप लावताना इथले शिपाईही ‘सुरक्षित’च म्हणतात, ताई. मागच्या खोलीला कडी कुठल्या बाजूने आहे?

तुझा,
ठोंब्या

३ जुलै

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

वर्कशॉपमध्ये रागाच्या भरात एका माणसाच्या डोक्यात पाना घातलास तू, तो माणूस गेला, आणि वर मलाच जाब विचारतोस? हे वाक्य खोडणार होते. पण खोडलेलं तू उजेडाकडे धरून वाचशीलच, म्हणून राहू दिलं.

कडी बाहेरून आहे. मावशी गेल्यावर आई घरातून निघाली ती थेट मोठ्या चौकात. एका पायात चप्पल, हातात कंगवा. एका ट्रकवाल्याने हाताला धरून आणलं. सांभाळायला दोन बायका ठेवून पाहिल्या. एकीला ती चावली, दुसरी आपणहून गेली. म्हाताऱ्या माणसांची एक संस्था पाहून आले. तिथे पलंगाला बांधतात, मऊ फडक्याने, असं तिथल्या बाईंनी मला कौतुकाने सांगितलं. मग सुतार बोलावला. कडी ठोकता ठोकता त्याने विचारलं, कुत्रं आहे का. मी हो म्हटलं.

आतून दाराचा रंग तिच्या हाताच्या उंचीवर खरवडलेला असतो. दर रविवारी मी तेवढ्याच भागावर रंग देते.

आता तूच सांग काय करू.

तुझी,
ताई

१८ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ते वाक्य खोडलं नाहीस हे बरं केलंस. मी ते रोज स्वतःला म्हणतोच; घरच्या माणसाच्या अक्षरात पहिल्यांदा वाचलं.

काय करू ते सांगायला मी कोण? पण इथलं जे कळलंय ते लिहितो. कुलपापेक्षा ते लावणाऱ्याचं न बोलणं जास्त लागतं. एक शिपाई दार ओढताना म्हणतो, येतो रे, सहाला उघडतो. सगळ्यांना तोच आवडतो. तसं तिला रोज सांग, विसरली तरी सांग. घड्याळ तिला दिसेल असं लाव. रंग देऊ नकोस, तिचं आहे ते. आणि काम दे. इथे ज्याला काम नसतं तो आधी स्वतःशी बोलतो, मग तेही सोडतो. तिने चाळीस वर्षं फळ्यावर लिहिलंय. तुझी कोरी कार्डं दे तिला.

आणि जमलं तर संपादकांशी बोल. लाजू नकोस. मी इथे रोज काही ना काही मागतो.

तुझा,
ठोंब्या

९ ऑगस्ट

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

संपादकांशी बोलले. कुत्र्याचंही सांगितलं. ते म्हणाले, आठवड्यातले तीन दिवस खोका घरी घेऊन जा. उरलेले तीन दिवस कडी लागते. तुझ्याशी खोटं बोलणार नाही. पण लावण्याआधी आत जाते, तिचा हात हातात घेते, सहाला येते म्हणते. ती घड्याळाकडे बघते. रंगाचा डबा माळ्यावर टाकला.

कोरी कार्डं दिली. आधी तिने माझ्याच कार्डांवर लाल पेन्सिलीने शुद्धलेखनाच्या चुका काढल्या, आणि मला दहापैकी पाच दिले. तुला चार मिळाले असते.

काल सहाला दार उघडलं तर मांडीवर एक कार्ड लिहून ठेवलेलं. अक्षर तेच, सुरेख गोल. शब्दाची जागा रिकामी. अर्थाच्या जागी ‘नऊ ते सहा’. आणि खाली वाक्य:

‘माझ्या मुलीला रोज नेऊन कोंडतात. सहाला सोडतात, तेव्हा धावत माझ्याकडे येते.’

नियमाप्रमाणे वाक्य खरंखुरं आहे, त्यामुळे कार्ड खोक्यात जायला हवं. पण वर कुठला शब्द घालू? आहेत ते सगळे लावून पाहिले. तुला सुचला तर पुढच्या पत्रात लिही. तोवर ते माझ्याजवळच ठेवते.

आईने तुला आशीर्वाद सांगितलेत, कामावरून लवकर ये म्हणाली. आम्हा दोघींवरचा लोभ तेवढा सांभाळून ठेव.

तुझी,
ताई