लाडू, चकली आणि लाल टॅग

१४ जानेवारी
संक्रांत. आजपासून चिडायचं नाही. आंघोळ करतानाच ठरवलं. टॉवेल सापडेपर्यंत पाळलंसुद्धा.

मेव्हण्यानं दौंडहून सशांसाठी घासाची पेंडी पाठवली आहे. ससेही त्यानंच दिलेले. लोक बहिणीला साडी देतात, सत्यजीतरावांनी ससे दिले. लाडू आणि चकली. एका वाटीत खातात, एकमेकांच्या मानेवर मान टाकून झोपतात. शिरूरला आमची गॅलरी मुळात केवढी, त्यात या दोघांचा संसार.

दुपारी बायको, सुलक्षणा, शेजारी हळदीकुंकवाला गेली. लाडू जाळीला नाक लावून माझ्या ताटाकडे बघत होता. सणाच्या दिवशी घरातलं कुणी उपाशी राहू नये. अर्धी गूळपोळी दिली. तूप लावून. चकलीनं वास घेऊन तोंड फिरवलं. तिला पहिल्यापासून माझं काही पटत नाही.

१५ जानेवारी
लाडू खात नाही. कोपऱ्यात गोळा होऊन दात करकर वाजवतोय. लेंड्याही नाहीत. चकली त्याला चिकटून बसली आहे, मधूनमधून त्याचे कान चाटते.

सुलक्षणानं विचारलं, यानं काल काही वेगळं खाल्लं का. मी म्हटलं, मी काय त्याचा वेटर आहे? चिडलो नाही. आवाज फक्त मोठा झाला.

कंपनीत क्वालिटीला आहे, त्यामुळे रूट कॉज काढायला बसलो. का खात नाही? पोट बिघडलं. का बिघडलं? खाण्यातून. काय आलं खाण्यात? घास. कुठून? दौंडहून. कुणी पाठवला? झालं. आरोपी हजर.

फोन करून झापला. तो म्हणतो, दाजी, त्योच घास आमची गाय खाती, तिला काय न्हाई झालं. मी म्हटलं, मग गायीला जाळीत ठेव नि ससा दाव्याला बांध. फोन आपटला. स्क्रीनला तडा. हाही खर्च घासापायीच.

१६ जानेवारी
जनावरांच्या डॉक्टर नीलमबाईंकडे गेलो. समोर म्हशीचा नंबर होता, थांबावं लागलं. बाईंनी लाडूचं पोट दाबून बघितलं, आतडं थंडावलंय म्हणाल्या. गोड काही दिलं होतं का, असं त्यांनी मला दोनदा विचारलं. दोनदा! मी काय खोटा वाटतो? ठामपणे नाही म्हणालो. गूळपोळी म्हणजे गोड नव्हे, सण आहे.

औषध दिलं. पातळ लापशी सिरिंजनं तोंडात सोडायची, पोट चोळायचं. आणि जोडी अजिबात तोडू नका, म्हणाल्या. एक आजारी पडला की दुसऱ्याला जवळच ठेवायचं, नाहीतर दोघंही खाणं सोडतात.

हे काही पटलं नाही.

१७ जानेवारी
रांजणगावला आमच्या लाइनवर एक पीस संशयास्पद निघाला की तो लाल बिनमध्ये जातो, त्याला लाल टॅग लागतो, बाकी लॉट बाजूला. त्यामुळेच कंपनी चालते. घरात मात्र डॉक्टरांचं चालतं!

सुलक्षणा शाळेत गेल्यावर कामाला लागलो. लाडू क्रेटमध्ये. क्रेटला लाल टॅग, आमच्या खास गाठीनं. ती गाठ लाइनवर पोरांना मीच शिकवतो, घरी सुलक्षणालाही शिकवली आहे; ओढून सुटत नाही. सत्यजीत लाडूला बघायला आलाच होता. चकली टोपलीत घालून त्याच्या मांडीवर दिली. अक्का काय म्हणंल वो दाजी, म्हणत होता. गाडीत बसवून दार लावलं.

संध्याकाळी अक्का बरंच काही म्हणाली. इथं लिहिण्यासारखं नाही.

१८ जानेवारी
लाडू क्रेटच्या भिंतीकडे तोंड करून बसलाय. सिरिंज लावली की मान फिरवतो. मीही ओरडलो. दौंडहून फोन: चकली काय खाईना, टोपलीतून भाईर बी येईना. म्हणजे तिलाही लागण झाली होतीच. माझं बरोबर होतं.

सुलक्षणानं रजा टाकली. लाडूला छातीशी धरलं, दौंडची एसटी. निघताना गॅलरीत थांबून जाळीपाशी मुंग्यांची रांग बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. मुंग्या काय, कुठेही होतात. क्रेटवरचा टॅग कात्रीनं कापून पर्समध्ये टाकला. कशाला, कोण जाणे.

२० जानेवारी
आज स्क्रॅचवरून अख्खा लॉट रिजेक्ट केला. लाइन सुपरवायझर म्हणाला, साहेब, ह्ये तर रोजच पास करता की. त्यालाही झापला.

सेकंड शिफ्टहून आलो. जाळीला नाक लावणारं कुणी नाही. मला काही वाटलं नाही. पाण्याची वाटी धुऊन भरून ठेवली. सवय, दुसरं काय!

सुलक्षणा फोन उचलत नाही. सुट्टीच्या दिवशी दौंडला जाऊन तिघांना घेऊन यायचं. एकाच वाक्यात सांगायचं: चला. प्रवासात खायला गूळपोळी डब्यात घेतो.

२२ जानेवारी
दौंडला गेलो. चला, असं म्हणायचं होतं. आत बघितलं आणि ते राहूनच गेलं.

लाडू खात होता. लाडू जगला. सत्यजीतच्या हातून कोथिंबीर, आणि चकली त्याच्या अंगावर रेलून. इथं आल्यावर त्याला चकलीच्या टोपलीत सोडलं, तशी म्हणे तिनं त्याचे कान चाटले आणि स्वतः आधी खाल्लं, मग यानं. नीलमबाईंना सुलक्षणानं फोनवर सगळं सांगितलं होतं. सगळं म्हणजे गूळपोळीसुद्धा. मला बरं वाटलं. लाडूचं. फार बरं वाटलं.

मी कोथिंबीर पुढे केली. चकलीनं मागचा पाय जमिनीवर आपटला आणि दोघं पाठ करून बसले. सुलक्षणानं माझी बॅग उघडली, डबा काढून घेतला. म्हणाली, तुमच्या रुलप्रमाणंच करू. ते दोघं एकत्र राहतील. ज्याच्यापासून धोका, तो बाजूला. मी बोलावल्याशिवाय येऊ नका. आवाज न चढवता म्हणाली. माझ्यासारखी ओरडली असती तर बरं झालं असतं.

परतीच्या एसटीत कंडक्टरनं बॅगकडे बोट दाखवलं, पाव्हणं, ह्ये लाल काय लावलंय? हँडलला क्रेटवरचा टॅग होता. सोडवायला बसलो. शिरूर आलं तरी गाठ सुटली नाही.