ह्यांच्या नावची पावलं

८ जून २०२५, रविवार
अंकी पुण्यास्नं आली आन सांजच्याला परत गेली. जाताना माझ्या फोनात एक ॲप घालून दिलं, फोन खिडकीत उभा केला आन टीव्हीला जोडला. आता टीव्हीत आमचीच खोली दिसती. कॉट, कॉटवर हे, कोपऱ्यात मी. आन फरशीवर हिरवी पावलं, कॉटपास्नं दारापर्यंत. खरी फरशी बघितली तर काय न्हाई. ओल्या फडक्यानं पुसून बघितली. टीव्हीत पावलं तशीच. अंकी हसून म्हणाली, आई, ती फोनातली हायत. बाबांनी त्यावर पाय टाकायचा. बरोबर पडला का चूक, फोन सांगतो.
लकवा मारल्यापास्नं ह्यांची डावी बाजू गेली. तोंड शाबूत हाय, ते लय चालतं.
ठरवलं: गौरी यायच्या आत हा माणूस कॉटपास्नं दारापर्यंत चालणार. दरसाली गौर आत घेताना दारात थाळी हेच वाजवत्यात. औंदा पण हेच वाजवणार. मी ठरवलं म्हणजे झालं.
माझा गुडघा ठणकतोय. त्याला कोण विचारतंय.

१० जून, वटपौर्णिमा
वडाला फेरे मारले. गुडघ्यानं जीव काढला, शेवटचे फेरे शेजारच्या हरणाबाईचा खांदा धरून. घरी येऊन ह्यांना सांगितलं, तुमचं आयुष्य वाढवून आले. हे म्हणाले, वाढवतीस तर चालतं-फिरतं तरी वाढव.
फौजेतला माणूस. सरळ बोलायचं ठाऊकच न्हाई.

१२ जून, गुरुवार
झोया आली. दर गुरुवारी साताऱ्यास्नं येती, ह्यांचा व्यायाम करून घ्यायला. पोरगी एवढीशी, हात पैलवानाचे. ह्यांची डावी टाच दाबून धरली आन म्हणाली, काका, अंगठा हलवा. हलला. जरासा. मी म्हणलं, एवढ्यासाठी मेढ्यापर्यंत आलीस व्हय. ती म्हणाली, काकू, हे थोडं नाही. पण घाई करू नका. कितीही वेळ लागू दे, पाऊल त्यांनाच टाकू द्या. ॲपचा रिपोर्ट रोज माझ्या फोनवर येईल.
जाताना मी गुडघा धरून उठले ते तिनं बघितलं. म्हणाली, तुम्हीही चालायला पाहिजे.
मला बसायला वेळ न्हाई, चालू कवा. आन घाई मी कुठं करते.

१६ जून
हे वॉकर धरून उभं राहत्यात. पाय उचलायला एवढा वेळ की तिकडं दूध उतू गेलं. तोवर हिरवं पाऊल लाल होतं आन फोनातली बाई म्हणती, फिर से कोशिश कीजिए, आकाराम जी. परत लाल. परत कोशिश. मला आधी त्या बाईचा राग आला, मग ह्यांचा. म्हणलं, आवं उचला की, पाय हाय का वरवंटा. हे खाली बसले. म्हणाले, टीव्ही बंद कर. मला मी बघवत न्हाई त्यात.
उद्यापास्नं गोड बोलायचं.

१७ जून
गोड बोलले. दुपारपर्यंत.

२० जून
कसं टाकायचं ते मीच दाखवलं. पदर खोचला आन हिरव्या पावलावर पाय ठेवला. पाऊल सोनेरी झालं, घंटी वाजली. बाई म्हणाली, बहुत बढ़िया, आकाराम जी. टीव्हीत माझ्या अंगावर नुसत्या रेघा नि ठिपके, हाडांचा सापळा. त्याला बाई काय आन बाप्या काय. तशीच दारापर्यंत गेले.
हे कॉटवरनं म्हणाले, फौजेत दुसऱ्याची हजेरी लावली तर कोठडीत घालत्यात. म्हणलं, ही फौज न्हाई, संसार हाय.
सांजच्याला अंकीचा फोन. रडत होती. आई, बाबा आज दारापर्यंत गेले, मला रिपोर्ट आला. मी सांगणार होते. पण पोरगी एवढी खूश कवापास्नं झाली नव्हती. म्हणलं, जातील गं. जात्यातच.

२१ जून
भाकरी थापताना विचार केला. वडाला फेरे मी मारते, आयुष्य ह्यांचं वाढतं. सोळा सोमवार मी उपाशी काढले, नाईकचे हवालदार हे झाले. लकवा मारला तवा भैरोबाला दंडवत मी घातले, वाचले हे. बायकोनं केलेलं नवऱ्याच्या नावावर लागतं, देवाला चालतं. मग फोन काय देवापेक्षा मोठा लागून गेला. नाव तर आकारामच घातलंय त्यात.
ठरवलं: रोज चालायचं, ह्यांच्या नावानं. ह्यांचा पाय आपोआप सुटंल.

३ जुलै, गुरुवार
रस्त्यावर दरड आली म्हणून झोया मागल्या गुरुवारीबी आली न्हाई, आजबी न्हाई. फोन केला. म्हणाली, काकू, माझा एकही पेशंट इतक्या लवकर चालला नाही. काकांना द्या. मी म्हणलं, झोपलेत. हे जागेच होते, माझ्याकडं बघत होते.
झोया म्हणाली, मग आता दर आठवड्याला नको, गौरी झाल्या की येते. तुमचा गुरुवार कोयनानगरच्या एका आजोबांना देते, त्यांना करणारं कुणी नाही. म्हणलं, दे बाई, पुण्य लागंल.
आमच्यामुळं एकाचं भलं झालं.

२९ जुलै, नागपंचमी
ॲप पुढं सरकलं. आता पाटावर चढायला-उतरायला लावतंय. हरणाबाई येऊन म्हणाली, शाले, रिकाम्या फरशीवर काय नाचतीस. तिला टीव्ही दाखवला. मग ती भिंतीकडंकडंनं गेली, देवाची पावलं असली तर पाय लागाय नको. जाताना म्हणाली, चालतीस मात्र पोरीवाणी.
ह्यांचा पाय आखडलाय. मोजा घालताना टाच खाली येईना. पावसाळी हवा हाय. ऊन पडलं की सैल होईल.

११ ऑगस्ट, श्रावणी सोमवार
भैरोबाची टेकडी चढून आले. कुठं थांबले न्हाई, हरणाबाईच मागं धापा टाकत होती. देवाला सांगितलं, माझ्याकडनं सगळं झालंय, राहिलं ते तुझं.
घरी आले तर हे म्हणाले, शालू, ते चालू कर. आज मी टाकून बघतो पाऊल. म्हणलं, आता नको, रिपोर्टात एवढं वर गेलेलं सगळं खाली येईल. गौरीच्या दिवशी एकदम टाका.


३० ऑगस्ट
उद्या गौर. अंकी बाबांना बूट घेऊन येतीय. थाळी चिंचेनं घासली. वॉकर माळ्यावर टाकला, आता कशाला लागतोय. ह्यांना म्हणलं, उद्या. हे म्हणाले, काय उद्या.

३१ ऑगस्ट, गौर आली
उंबऱ्यापास्नं आत कुंकवाची पावलं काढली. ही खरी, फरशीवरची.
अंकी ह्यांच्या पायाशी बसली. उजवा बूट गेला. डावा चढंना. टाच वरच. तिनं जोर लावला तवा हे कळवळले. ती म्हणाली, बाबा, तुम्ही चालताय ना. हे म्हणाले, तो रिपोर्ट तुझ्या आईचा हाय. पास झाली ती.
अंकीनं माझ्याकडं बघितलं. बोलली असती तर उलटून चार शब्द बोलता आलं असतं.
थाळी ह्यांनी कॉटवरच वाजवली. डाव्या हातात धरता येईना म्हणून अंकीनं धरली. गौर मी एकटीनं आणली. आतनं कुणीतरी विचारायचं असतं, गौर आली, कशाच्या पावलानं आली. कुणी विचारलं न्हाई.

४ सप्टेंबर, गुरुवार
अंकीनं कळवलं म्हणून झोया आली. ह्यांची टाच दाबली. मग म्हणाली, काका, अंगठा हलवा. आमी तिघंबी अंगठ्याकडं बघत बसलो. लय वेळ.
झोया म्हणाली, शीर आखडलीय. जूनमध्ये होतं तिथवर यायलाच किती लागतील सांगता येत नाही. येईलच असंही नाही. म्हणलं, पण फोन रोज शाब्बास म्हणायचा. ती म्हणाली, व्यायाम बरोबरच झालाय, काकू. आन विचारलं, तुमचा गुडघा कसा आहे.

गुरुवार आता कोयनानगरच्या म्हाताऱ्याचा. जमेल तसं येते म्हणाली.

५ सप्टेंबर
टीव्ही न लावता पाटावर चढले. उतरले. परत चढले. पाय आपटून बघितला.
गुडघा दुखत न्हाई.
हे कॉटवरनं म्हणाले, काय गं.
म्हणलं, काय न्हाई.