गाडी ‘पी’मध्येच होती

३० सप्टेंबर २०१२, रविवार. सकाळी ७.

आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलं की लिहून ठेवावं. पुढे लोक विचारतात, कसं जमवलं? तेव्हा तारखेसकट सांगता येतं.

काम: आपल्या डिझेल पिकअपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घरीच खोलून ताकद वाढवणे. मुदत: दसरा, २४ ऑक्टोबर.

कारण: काल चोरखमारा तलावाच्या कालव्याच्या चढावर खताची पोती घेऊन गाडी दमली. इंजिन नुसतं ओरडत होतं. मागून गावातलाच केशोराव ट्रॅक्टर घेऊन आला आणि दोर लावून ओढून नेली. पाच-पन्नास लोक बांधावर उभे. केशोराव म्हणे, लोकेंद्र, गाडीले चारा टाकला का नाही? मी हसलो. हसावं लागतं.

दोष इंजिनाचा नाही. परदेशी कंपनीच्या कॅम्पातली, नागपूरच्या लिलावात घेतलेली गाडी आहे. ताकद भरपूर, पण गिअरबॉक्स ती चाकापर्यंत जाऊ देत नाही. अमेरिकेतल्या एका माणसाने घरच्या शेडमध्ये हे काम चाळीस मिनिटांत केलं. त्याचा व्हिडिओ सहा वेळा पाहिला. नेटमुळे शेवट दिसला नाही, पण शेवटी जोडतातच.

माय म्हणे, उद्यापासून पितृपक्ष, नवं काम कायले काढतं? मी सांगितलं, हे नवं नाही, दुरुस्ती आहे.

मायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनची सप्टेंबरची तारीख मीच पुढे ढकलली. तिला एसटीच्या धक्क्यांत न्यायचं नाही, आपल्या गाडीत एसी लावून न्यायचं, असं मी ठरवलं आहे. नवी तारीख २९ ऑक्टोबर, गोंदिया. रुचि म्हणे, तोवर मायले धुकंच दिसन. बायको म्हणून तिला बोलायचा अधिकार आहे.

संकल्प: रोज पाचला उठणे. नकारात्मक माणसांशी कमी बोलणे.

३ ऑक्टोबर, बुधवार.

सव्वाआठला उठलो.

गोंदियाला मुन्नालालकडे. तीस वर्षांचा मेकॅनिक, पण सगळी हयात क्लचवाल्या गाड्यांत गेली. माझा बेत ऐकून चहा खाली ठेवला. म्हणे, भाऊ, ऑटोमॅटिक खोलना मत. खोलोगे तो पार्किंगवाली रॉड ठीक से बिठाना, वरना ‘पी’ में डालोगे और गाडी चल देगी. मी मान डोलावली. माणसाला जे येत नाही त्याची त्याला भीती वाटते. त्याच्यावर मनातून राग नाही.

९ ऑक्टोबर, मंगळवार.

दिल्लीहून किट आलं. चार स्प्रिंग, एक पत्रा, दोन रबराच्या रिंगा, इंग्रजी पुस्तिका. पुस्तिका चव्वेचाळीस पानांची. पहिली तीन वाचली. बाकीच्यात बहुतेक सावधगिरीच्याच सूचना आहेत, त्या प्रत्येक वस्तूवर असतात.

११ ऑक्टोबर, गुरुवार. दुपारी ३.

सुरुवात केली. गाडी आंगणात, तोंड घराकडे. आंगणाला घराकडे किंचित उतार आहे, पण पाठीखाली सरकायला तो बरा पडतो.

गिअरबॉक्सखालचं तेलाचं पॅन उघडलं. लाल तेल. रुचिचा भाताचा मोठा गंज खाली धरला, तो भरून वाहिला. माझे केस, मान, बनियन, सगळं लाल. माय ओसरीतून ओरडली, काय झालं रे, रगत कायचं? तिला दिसत नाही, नुसता रंग कळतो. मी म्हटलं, तेल आहे. तरी तिने देवाला हात जोडले.

रुचिने भाताला शेजारचा गंज मागून आणला. हे वाईट लक्षण आहे.

१४ ऑक्टोबर, रविवार.

जोडून झालं. चाळीस मिनिटं नाही, चार दिवस. अमेरिकेत लोडशेडिंग नाही.

नोंदी:
एक स्प्रिंग उरली. कंपन्या जास्तीची देतात.
हँडब्रेकची केबल मध्ये येत होती, म्हणून काढून ठेवली. ऑटोमॅटिकला हँडब्रेक हा डबल खर्च आहे. गिअरचा दांडा ‘पी’मध्ये टाकला की आतला लोखंडी दात गाडी धरून ठेवतो.
तो दात ढकलणारी रॉड हीच मुन्नालालची रॉड. बसवताना दिसत नाही, अंदाजाने आत घालावी लागते. तीनदा बसली नाही. चौथ्यांदा ‘टक’ असा आवाज आला. बसली असणार.

ट्रायल घेतली. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गाडीने असा धक्का दिला की माझी टोपी मागच्या सीटवर. ही ताकद! रुचि शेजारी बसली होती, तिने डोकं धरलं. म्हणे, मायले यातून नेणार का तुम्ही? मी म्हटलं, एसी चालू आहे ना?

१६ ऑक्टोबर, मंगळवार. घटस्थापना.

सकाळी गाडी काल लावली त्यापेक्षा हातभर पुढे वाटली. काल लावताना मी नीट पाहिलं नसेल. थकलो होतो.

१८ ऑक्टोबर, गुरुवार.

माय चहा पिताना म्हणाली, गाडी जवळ येऊन राहिली रे. मी समजावलं, माय, तुला धुकं दिसतं, धुक्यात सगळंच जवळ वाटतं. म्हणे, दिसत नाही म्हणूनच सांगतो, डिझेलचा वास काल तुळशीपाशी होता, आज पायरीशी आहे.

म्हातारपणी नाक तीक्ष्ण होतं म्हणतात. मोजून पाहिलं. तुळशीपासून पायरीपर्यंत सात पावलं. गाडी मधे आहे. आधी कुठे होती ते मोजलेलं नसल्यामुळे काही सिद्ध होत नाही.

संध्याकाळी रुचिने न विचारता पुढच्या चाकांखाली दोन-दोन विटा लावल्या. परदेशी गाडीला विटा! केशोराव रस्त्याने जात होता. पाहून थांबला. विटा मोजल्या आणि गेला, तेच जास्त लागलं.

२१ ऑक्टोबर, रविवार.

कालव्याचा चढ. पंधरा पोती घेतली. चढली! धक्का बसला तेव्हा मागची दोन पोती रस्त्यावर पडली, ती केशोरावने उचलून दिली. म्हणे, जोर तर आहे गा, थांबते का पण? मी म्हटलं, गाडी चालवायसाठी घेतात, थांबवायसाठी नाही. चांगलं बोललो. लिहून ठेवतो.

घरी आलो तर एक वीट फुटलेली. विटा हल्ली कच्च्या येतात.

२३ ऑक्टोबर, मंगळवार. खंडेनवमी.

पाने, पक्कड, जॅक, हातोडी धुऊन पाटावर मांडली. हळदकुंकू, फुलं. उरलेली स्प्रिंगही ठेवली, तीही अवजारच.

अकराला मुन्नालालचा फोन. म्हणे, ढलान पर बिना ईंट के देखा क्या? पॅन खोलके रॉड देख लो, आधे घंटे का काम है. मी त्याला शांतपणे समजावलं की आज खंडेनवमी, अवजारं पूजेला बसली आहेत, त्यांना हात लावत नाहीत. तो मग म्हणाला, अच्छा, तो कल भी मत छूना, परसों मैं आता हूँ. और गाडी के सामने किसी को खडा मत होने देना.

शहरात राहून माणूस वहमी होतो. परवा येईल तर चहा पाजू.

२४ ऑक्टोबर, बुधवार. दसरा. सकाळी ९.

मुदतीत काम पूर्ण. गाडी धुतली. झेंडूचा हार. थोड्या वेळात पूजा. आमच्याकडे गाडीची पूजा मायच करते. बाबांच्या बैलबंडीपासून तीच करत आली. दिसत नाही, पण हाताने चाचपून बोनेटवर स्वस्तिक काढते, ते अजून सरळ येतं.

चाकांखालच्या विटा काढल्या. तिथे लिंबं ठेवायची असतात. विटाही आणि लिंबंही, असं कुठे कोणी पाहिलं आहे? रुचि म्हणे, राहू द्या. मी म्हटलं, फोटो काढायचा आहे. पूजेच्या वेळी इंजिन चालू ठेवणार, देवीलाही आवाज ऐकू जावा. दांडा ‘पी’मध्ये टाकणार. मी स्वतः टाकणार.

२५ ऑक्टोबर, गुरुवार. दुपारी ४. गोंदिया, दवाखाना.

मायच्या खुब्याचं हाड मोडलं. उजवं. ऑपरेशन परवा. डोळ्यांचं आता कधी, ते डॉक्टर सांगू शकत नाहीत.

मी मोबाइलवर व्हिडिओ काढत होतो. माय ओवाळत होती. गाडी हलली, तेव्हा मला वाटलं माझा हात हलतो आहे. म्हणून हात घट्ट धरला. रुचिने हाक मारली. लिंबं चेपली होती. मायला वास आला असणार, ती मागे सरली, पण मागे पायरी होती. अडखळून पडली, तरी ताट हातातून सुटलं नाही. रुचिनेच आत हात घालून इंजिन बंद केलं, तरी गाडी थांबली नाही, पायरीला टेकून थांबली. मी मोबाइल कुठे ठेवावा ते पाहत होतो.

केशोरावने त्याच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकली आणि मायला घेऊन आला. रस्ताभर चारा-बिरा काही बोलला नाही. हळू चालवला.

मुन्नालाल आत्ता येऊन गेला. सकाळी आमच्या गावी जाऊन पॅन उघडून आला होता. आत काय दिसलं ते मी विचारलं नाही. हातपाय धुऊन मायच्या पायाशी बसला आणि गेला.

डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? गाडी कोण चालवत होतं? मी सांगायला सुरुवात केली की दांडा ‘पी’मध्ये होता. मायने मधेच माझ्या हातावर हात ठेवला. म्हणे, गाडी कोनी चालवत नोहतं साहेब. उभीच होती. मले दिसत नाही ना, मीच जाऊन धडकली. पोराचा काही दोष नाही.

रुचि माझ्याकडे पाहत राहिली. बराच वेळ.

डॉक्टरांनी तसंच लिहिलं. ‘दृष्टिदोषामुळे उभ्या वाहनाला धडक.’ मग कागद माझ्यापुढे सरकवला, नातेवाइकाची सही लागते म्हणाले. मी केली.